वाचक विचारतात : पऱ्हाटी, युरिया, एसीचा गॅस आणि वाढतं तापमान

तापमानवाढ कशामुळे होते आणि घरात-शेतात आपण तिच्यासाठी काय करू शकतो, यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. हिशेब शक्यतो किलोत मांडला आहे. कोणत्या गोष्टीमागे लागायचं आणि कोणती सोडून दिली तरी चालेल, हे त्यावरून ठरवता येतं.

प्रश्न : भुसावळला ४५-४६ अंश आजोबांच्या काळीही होत असे. मग आता 'ग्लोबल वॉर्मिंग'चा एवढा गाजावाजा कशाला? की ओझोनला भोक पडल्यामुळे ऊन वाढलं? (भुसावळ)

उत्तर : तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधे तापीचं खोरं, उन्हाळ्यात उघडी पडलेली काळी जमीन आणि कोरडे वारे. एवढं जमून आल्यावर मे महिना तापणारच. फरक पडला आहे तो या सगळ्याच्या पायात. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते, आज ४२०च्या वर आहेत. जमीन दिवसा तापते आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे परत फेकते. हा वायू तिला वाटेत अडवतो. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ साली पृथ्वीचं सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने सुमारे १.५५ अंशांनी जास्त होतं. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो साऱ्या पृथ्वीच्या सरासरीचा आहे. उष्णतेची लाट आली की ती या वाढलेल्या पायावर चढते.

ओझोनचं प्रकरण वेगळं. तो थर पातळ झाला की अतिनील किरण जास्त येतात, तापमानवाढीचं ते मुख्य कारण नव्हे. मुख्य कारण म्हणजे जाळलेला कोळसा, डिझेल-पेट्रोल आणि नैसर्गिक वायू. त्याखालोखाल मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि जंगलतोड. दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा जळतो तो आपल्या घरातल्या पंख्यासाठीच. देशाच्या ग्रीडची सरासरी धरली तर विजेच्या एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पेट्रोलच्या एका लिटरमागे २.३ किलो, डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो.

प्रश्न : कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटून बांधावर पेटवतो. मजूर मिळत नाहीत, दुसरा इलाज काय? (पारोळा)

उत्तर : आधी एक गैरसमज दूर करू. पऱ्हाटीतला कार्बन त्याच हंगामात हवेतून आलेला असतो, त्यामुळे तिच्या धुराची बरोबरी कोळशाच्या धुराशी करता येत नाही. नुकसान होतं ते काजळी आणि अर्धवट जळण्यातून निघणाऱ्या मिथेनमुळे. शिवाय काडीतला जवळजवळ सगळा नत्र उडून जातो, आणि तोच पुढे आपण गोणीने विकत आणतो. पण जाळायचं टाळण्यासाठी पऱ्हाटीची गंजी पावसाळ्यापर्यंत बांधावर ठेवणं हा इलाज नव्हे. वाळक्या कैऱ्यांमध्ये, म्हणजे न उमललेल्या बोंडांमध्ये, गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसलेली असते, ती थेट पुढच्या कापसावर येते.

ट्रॅक्टरचं श्रेडर (काडीचा भुगा करणारं यंत्र) भाड्याने मिळत असेल तर तो सर्वांत सोपा मार्ग. काडी बोटाच्या पेरापेक्षा मोठी राहू देऊ नका. भुगा तसाच मातीत गाडला की तो कुजताना जमिनीतला नत्र ओढून घेतो आणि पुढचं पीक पिवळं पडतं. म्हणून तो आधी खड्ड्यात कुजवा. दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कंपोस्ट जिवाणू शेणकाल्यात कालवून थराथरावर शिंपडा. ओल इतकी हवी की मूठ आवळल्यावर तळहात ओला व्हावा, पाणी मात्र गळू नये. महिन्या-दीड महिन्याने एकदा वरखाली करा. आपल्याकडे हे खत बहुतेक वेळा बिघडतं ते कोरडेपणामुळे. मार्च-एप्रिलमध्ये खड्ड्यावर मातीचा लेप दिला नाही तर आतला भुगा जून उजाडला तरी जसाच्या तसा सापडतो.

श्रेडर नसेल तर पऱ्हाटीचा कोळसा, म्हणजे बायोचार करा. वर चार फूट रुंद, खाली निमुळता, अडीच-तीन फूट खोल असा खड्डा घ्या. काडी कटकन मोडेल इतकी वाळलेली हवी. पहिला थर वरच्या बाजूने पेटवायचा, खालून नाही. वरची ज्वाळा खालून येणारा धूर जाळून टाकते आणि खालच्या निखाऱ्यांपर्यंत हवा पोचू देत नाही. सगळी युक्ती एवढीच आहे. काडीवर पांढरी राख दिसू लागली की लगेच पुढचा थर टाका. उशीर केला तर कोळशाची राख होते, एकदम जास्त टाकलं तर ज्वाळा दबून धूर होतो. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून पूर्ण विझवा. वरून विझल्यासारखं दिसतं म्हणून सोडून गेलात, तर सकाळी खड्ड्यात राखच उरते. काम पहाटे वारा पडलेला असताना करा. शेजारी कापणीला आलेला गहू असेल तर त्या दिवशी करूच नका.

एकरी साधारण टनभर पऱ्हाटी धरली तर २०० किलो कोळसा हाती येतो. त्यातला बहुतेक कार्बन शेकडो वर्षं मातीत टिकतो, म्हणजे सुमारे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड हवेबाहेर राहिला. कोळसा बारीक करून बरोबरीच्या शेणखतात मिसळा आणि पंधरा दिवस मुरू द्या. कोरा टाकलात तर तोही नत्र धरून बसतो. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) आधीच ८च्या आसपास असतो आणि कोळसाही अल्कधर्मी, म्हणून पहिल्या वर्षी थोड्याच सऱ्यांना घालून पाहा.

प्रश्न : केळीला युरिया टाकतो, त्याचा तापमानवाढीशी काय संबंध? (रावेर)

उत्तर : दिलेल्या नत्राचा साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. टक्का लहान असला तरी हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतो. त्यावरून एका गोणीमागे ९० किलोंच्या जवळपास कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो, म्हणजे चाळीसेक लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. कारखान्यात युरिया बनवताना होतं ते वेगळंच.

युरिया बंद करा असं कोणी म्हणत नाही. माती परीक्षण करून मात्रा ठरवा आणि ती ठिबकमधून आठवड्याला थोडी-थोडी द्या. आळ्यात मूठभर फेकून वर पाट सोडणं सर्वांत वाईट. काळ्या मातीत पाणी साचतं, हवा कोंडते आणि नायट्रस ऑक्साइड त्याच स्थितीत जोरात तयार होतो. ठिबकने खत देताना आधी नुसतं पाणी, मग खत आणि शेवटी पुन्हा पंधरा-वीस मिनिटं नुसतं पाणी सोडा. शेवटचं पाणी चुकवलं तर नळ्यांत क्षार आणि शेवाळ बसतं, ओळीच्या टोकाची झाडं उपाशी राहतात आणि मग त्यांच्यासाठी सगळ्याच बागेला मात्रा वाढवली जाते.

प्रश्न : दर उन्हाळ्यात एसीत गॅस भरावा लागतो. मेकॅनिक म्हणतो, 'उन्हाने गॅस संपतो'. (जळगाव)

उत्तर : गॅस संपत नाही, गळतो. एसीतला गॅस बंद नळीत फिरतो, पेट्रोलसारखा खर्च होत नाही. नव्या एसीत बहुधा आर-३२ असतो. त्याचा एक किलो हवेत सुटला तर सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. जुन्या आर-४१०एचा एक किलो दोन टनांना भारी. दीड टनाच्या एसीत साधारण किलोभर गॅस असतो. म्हणजे वर्षभर घराचे दिवे काटकसरीने लावून जे वाचवलं, ते एका ढिल्या नटातून निघून जातं.

गळती बहुधा जोडावर असते. घरातल्या युनिटमागचे दोन फ्लेअर नट आणि बाहेरच्या युनिटचे व्हॉल्व्ह तपासा. तिथे तेलकट डाग असेल तर तीच जागा. साबणाचा दाट फेस लावला की बुडबुडे दिसतात. गळती बंद केल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. भरण्याआधी व्हॅक्युम पंप वीस-तीस मिनिटं चालवायला सांगा. गॅस सोडूनच नळीतली हवा ढकलून काढणारा मेकॅनिक असेल तर दुसरा बघा. भरताना वजनकाटा हवा. नुसतं गेज बघून आणि नळीला हात लावून भरलेला गॅस कमी-जास्त होतो आणि बिल वाढतं. घर बदलताना 'पंप डाऊन' करून घ्या. बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर थोडा वेळ चालवला की गॅस बाहेरच्या युनिटमध्ये जमा होतो, मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा.

एसी २६ अंशांवर ठेवून पंखा लावा. अंशामागे वीज सुमारे ६ टक्के वाचते. आणि खरं सांगायचं तर आपल्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये कूलर छान काम करतो, दीड टनाच्या एसीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याच्या विजेवर. समोरची खिडकी मात्र उघडी हवी. ती बंद ठेवली की खोली दमट होते आणि दोष कूलरला जातो. मृग बरसला की त्याचा उपयोग संपतो, हेही खरं.

प्रश्न : छतावर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं. ऊन मे महिन्यात सर्वांत जास्त, मग वीज अपेक्षेएवढी का नाही? (शहादा)

उत्तर : पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्याची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि पुढे दर अंशाला सुमारे ०.३५ टक्का घटते. मेच्या दुपारी पॅनेल ७० अंशांपर्यंत तापतं, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास घट. स्लॅबला चिकटवून बसवलं असेल तर आणखी. खालून वारा खेळेल इतकी उंची आणि दक्षिणेकडे सुमारे २० अंशांचा उतार ठेवा. धूळ पहाटे, पॅनेल थंड असताना धुवा. बोअरचं क्षाराचं पाणी वाळलं की पांढरे डाग बसतात, म्हणून मऊ पाणी वापरा. एवढं सांभाळलं तर वर्षाला ४,०००च्या वर युनिट मिळतात, म्हणजे जवळजवळ तीन टन कार्बन डायऑक्साइड कमी.

प्रश्न : कापडी पिशवी वापरतो, तिने तापमानवाढ कमी होईल ना? (नंदुरबार)

उत्तर : वापरत राहा. नाले तुंबत नाहीत आणि गुरांच्या पोटात प्लास्टिक जात नाही. तापमानवाढीच्या हिशेबात मात्र तिचा नंबर फार खाली.

प्रश्न : गोबरगॅस आहे. उन्हाळ्यात गॅस उरतो तो सोडून देतो, हिवाळ्यात पुरत नाही. (चोपडा)

उत्तर : सोडू नका, जाळा. त्यात निम्म्याहून जास्त मिथेन असतो. एक घनमीटर गॅस तसाच सोडला तर १०-११ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. गुरांचं पाणी तापवा, सरकी शिजवा, नाहीतर उन्हाळ्यात शेण कमी घाला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. थंडीत पाणी दुपारी उन्हात तापवून कालवा, तेव्हाच संयंत्रात घाला आणि घुमटावर कडब्याच्या पेंढ्या टाका. फिनेल किंवा साबणाचं पाणी आत गेलं तर जिवाणू मरतात आणि आठवडेच्या आठवडे गॅस येत नाही. शेगडीची ज्योत फडफडत असेल तर नळीत पाणी साचलंय. नळीच्या सर्वांत खालच्या जागेवरचा नळ उघडून ते काढून टाका.