घाटाच्या ड्युटीवर निघालेल्या पोरास

पोरा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण दोन ओळी टाकून मोकळं व्हावंसं वाटलं नाही म्हणून आज सवडीनं लिहायला बसलोय. गगनबावड्याकडची बसची ड्युटी लागली म्हणतोस, खाली करूळ घाट, तेही ऐन पावसाळ्यात, आणि ट्रेनिंगला तुझ्याबरोबर असलेला मित्र नुकताच अपघातात गेलेला. तू विचारलंयस, काका, तो तर दर पौर्णिमेला चालत नरसोबाच्या वाडीला जायचा, देव राखतो तर मग त्याला का नाही राखलं, आणि आता मी कुणाच्या भरवशावर स्टेअरिंगला हात लावू.

आधी एक सांगतो. त्याची भक्ती कमी पडली असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नकोस. कुठला तरी नवस राहिला असंल, घराला दोष असंल, असलं बोलणारे प्रत्येक मयताच्या घरी दोन-चार असतातच. पोराचा विश्वास खरा होता आणि पोरगा गेला, दोन्ही खरं आहे. का गेला याचं उत्तर मी देणार नाही, कारण जे देतात त्यांना ते त्याच्या आईसमोर बसून देता येत नाही, आणि जे तिच्यासमोर बोलता येत नाही ते तुला तरी कशाला सांगू.

पण देव राखतो म्हणजे काय, यावर मी नोकरीभर विचार केलाय. टायर फुटणार नाही, दरड पडणार नाही, समोरून पिऊन कुणी येणार नाही असा बाँड त्यानं कुणालाच लिहून दिलेला नाही, संतांना दिला नाही तर तुला-मला कुठला देतोय. तुझा मित्र ज्या वाडीला चालत जायचा तिथंच बघ की. नरसोबाच्या वाडीला कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, दत्ताचं देऊळ पार नदीच्या घाटावर, पाऊस लागला की पाणी पायऱ्या चढत चढत थेट आत येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो, लांबनं लोक येतात त्या पाण्यात अंघोळ करायला. म्हणजे बघ, पुराचं पाणी देवाच्या घरात शिरतं आणि आपली माणसं तिथं जाऊन हात जोडतात, कुणी म्हणत नाही की देवाला स्वतःचं देऊळ राखता आलं नाही. मला यातनं इतकंच कळलं की देव पाणी अडवत नसंल, पण पाण्यात तो आपल्या आधी उतरलेला असतो. तुझा मित्र त्या शेवटच्या वळणावर एकटा नव्हता, हे मी तुला छातीवर हात ठेवून सांगतो, एवढ्याच भरवशावर मी अख्खी नोकरी काढली.

आणि तिथले पुजारी काय करतात ते पण बघ. पाणी वाढायला लागलं की उत्सवमूर्ती वेळेत वरच्या देवळात नेतात, तिथं पूजा चालू ठेवतात. देव आहे तो, बघून घेईल आपलं, म्हणून कुणी बसून राहत नाही. रात्रभर पाण्यावर नजर ठेवणं ही पण त्यांची पूजाच.

तुला तेच करायचंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पण पाठ असतं, तू तर ड्रायव्हर, निघायच्या आधी पातळी विचारायची, वाटेवरचा बालिंग्याचा पूल, मांडुकलीचा रस्ता काय म्हणतोय ते समोरून आलेल्या गाडीला विचारायचं. रस्त्यावर पाणी दिसलं की गाडी थांबली पाहिजे, मग मागनं कितीही आरडाओरडा होऊ दे, कुणी म्हणू दे की आमच्या वेळचे ड्रायव्हर घालायचे गाडी. नाही घालायची. ब्रेकचं एअर प्रेशर पुरं भरल्याशिवाय डेपोतनं हलायचं नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतरायचा, न्यूट्रल तर कधीच नाही, सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरलास तर लायनर तापतात आणि नेमका पाहिजे तेव्हा ब्रेक धरत नाही. धुक्यात अप्पर मारू नको, उजेड उलटा डोळ्यावर येतो, डिपरवर हळू चल. चढणाऱ्याला आधी वाट दे. हे सगळं तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, मी परत सांगतोय कारण मी याला देवाचंच काम मानतो, उदबत्ती लावण्याइतकंच.

आता मुख्य सांगायचं ते. तू विचारतोस देव मला राखंल का, पण तुझ्या मागं बसलेल्यांचं काय रे? कळ्याला गाडीत चढणारी एखादी आजी सीटवर बसली की आधी हात जोडते, सीपीआर दवाखान्यात पेशंट बघून परत निघालेली बाई खिडकीला डोकं टेकून अंबाबाईचं नाव घेत असते, कॉलेजच्या पोरीची आई घरी दिवा लावून बसलेली असते. ही सगळी मागणी कुणाकडनं पुरी होणार? आदल्या रात्री तू वेळेत झोपलास, मोबाईल खिशात ठेवलास, घोटभर सुद्धा घेतली नाहीस, हाच त्या आजीला देवानं दिलेला जवाब. ती बिचारी तुला ओळखत पण नाही. मला हे कळलं तेव्हापासून माझी भीती पुरती गेली असं नाही, पण भीतीला काम मिळालं.

म्हणून गाडी सुरू करायच्या आधी मी काय करायचो ते सांगतो, पटलं तर कर. स्टेअरिंगला हात लावून नमस्कार, अंबाबाईचं आणि ज्योतिबाचं नाव, आणि मग मागणं, पण स्वतःसाठी नाही. आधी मागच्यांसाठी, मग समोरून येणाऱ्यासाठी. हो, त्याच्यासाठी पण. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यासाठी, कोकणातनं रात्रभर जागून आलेल्या ट्रकवाल्यासाठी. ज्याच्यासाठी सकाळी मागितलंय त्याला दुपारी वळणावर शिवी देता येत नाही, आणि घाटात राग आवरला की निम्मं काम झालं. मग कंडक्टरची डबल बेल पडली की चांगभलं म्हणायचं आणि निघायचं.

तू कधी अडकलास तर उलटं पण होतं, दुसरं कुणी तुझ्यासाठी उभं राहतं, हे लक्षात ठेव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, पुणे-बेंगळुरू रस्ता बंद, ट्रकच्या रांगा लागल्या. त्या परराज्यातल्या ड्रायव्हरांना भाकरी कुणी दिली? आजूबाजूच्या गावातल्या लोकांनीच, ज्यांची स्वतःची शेतं पाण्याखाली होती त्यांनी सुद्धा. त्या ड्रायव्हरांच्या घरी पण कुणीतरी देवाला विनवत असणारच ना.

पुढं तुझं लग्न होईल, पोरंबाळं होतील, वडिलांचं दुखणं आहेच, पगार पुरंल कधी पुरणार नाही. त्या सगळ्यात पण माझं सांगणं हेच राहील, वेगळं काही काढून ठेवलेलं नाही. संकट आलं म्हणजे देव गेला असं धरू नको, आणि देव आहे म्हणून आपलं काम त्याच्यावर ढकलू नको. बायको आली की तिला निघताना आणि पोचल्यावर फोन करत जा, आत्ता आईला करतोस तसा, चालवताना मात्र तिचा आला तरी उचलू नको, हे तिला आधीच सांगून ठेव.

मित्राच्या घरी तू अजून गेला नाहीस असं तुझ्या मेसेजवरनं वाटलं. रविवारी सुट्टी असंल तर आपण दोघं जाऊन येऊ, तू काही बोललं पाहिजे असं नाही, त्याच्या आईजवळ थोडं बसू, शेतातलं काही अडलं असंल तर विचारू. वेळ कळव, मी स्टँडवर येऊन थांबतो.

तुझा काका