सोमवारी दुसऱ्यांदा भात मागणारी मुलं

सोलापूर, रविवार

पोरी,

तुझं पत्र मिळालं. मंदीत लेकरांचं काय होतं ते विचारत अशोक चौकाच्या पलीकडच्या वस्तीत आठ दिवस फिरलीस, साठ फॉर्म भरलेस आणि ‘तरी मला काही कळलं नाही’ असं लिहिलंस. वाचून बरं वाटलं. पहिल्याच आठवड्यात सगळं कळलं असतं, तर मला तुझी काळजी लागली असती.

आधी तुझ्या फॉर्ममधला तो ‘मासिक उत्पन्न’ हा रकाना. आपल्या पूर्व भागात असं काही नसतं गं. यंत्रमागावरचा पगार आठवड्याचा, तोही कापड निघेल तसा. विडीची मजुरी हजार विड्यांमागे. तू महिन्याचा आकडा विचारलास की बाई तुझं मन राखायला काहीतरी सांगून टाकते. त्यापेक्षा विचार, गेल्या आठवड्यात माग किती दिवस चालला? विड्या किती झाल्या आणि छाटात, म्हणजे खराब म्हणून बाजूला, किती गेल्या? मालकाकडची उचल किती झालीय? या तीन प्रश्नांना खरी उत्तरं मिळतात, कारण हे आकडे त्यांना झोपेतही पाठ असतात.

मंदी म्हणजे कारखान्याला कुलूप, असं तुला वाटतंय. मिलच्या वेळी तसंच झालं होतं. नव्वदच्या दशकात वडिलांच्या मिलचा भोंगा वाजेनासा झाला आणि सगळ्या चाळीला एकदमच कळलं, आपलं संपलं म्हणून. यंत्रमागाची मंदी अशी सांगून येत नाही. आधी रात्रपाळी बंद होते, मग सहा दिवसांचे चार होतात. 2008 च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत कुणी ती बातमी वाचलीही नसेल. परदेशात जाणारे टॉवेल विणणाऱ्यांच्या घरात ती पोचली, पण हळूहळू. 2016 च्या नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या, तेव्हा रोख मिळणारा पगारच अडकला. 2020 च्या मार्चात मात्र माग एका रात्रीत गप्प झाले. खडखडाटाशिवाय या गल्ल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

घरातली कपात साधारण ठरल्या क्रमाने होते. आधी दूध जातं, चहा कोरा होतो. मग शेंगाची चटणी जाऊन नुसतं तिखट-मीठ येतं. आमटी पातळ होत जाते. किराणावाल्याची वही फुगते, आणि मग लेकरांना दुकानात पाठवतात, कारण मोठ्या माणसाला दुकानदार तोंडावर नाही म्हणतो. आई जेवायचं टाळायला लागते. विचारलंस तर म्हणेल, आज उपवास आहे. आठवड्यातले चार उपवास कोणत्या देवाचे, हे विचारू नकोस. मुलांचं ताट सगळ्यांत शेवटी रिकामं होतं. म्हणून तर पोरं दारात खेळताना दिसली की बाहेरच्या माणसाला घर बरं चाललंय असं वाटतं. संध्याकाळी चहात बेकरीतलं कडक बटर बुडवून खाणारं पोर दिसलं, तर ते त्याचं रात्रीचं जेवण आहे का, तेवढं बघ.

मला हे सगळं शाळेच्या पोषण आहाराच्या पंक्तीत कळायचं. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला 150. रोज तेवढंच. पण मंदीत सोमवारी भात कमी पडायचा, कारण रविवारी शाळेला सुट्टी. सोमवारी दुसऱ्यांदा ताट पुढे करणाऱ्या मुलांची नावं मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. कुठलाही सर्व्हे त्या पानाच्या जवळपास गेला नाही. ओळखीच्या शिक्षिकेला विचारून बघ, तिच्याकडेही असं पान असेल.

आता नववीबद्दल. आठवी झाली की दुपारचा भात बंद होतो आणि चौदा वर्षं पुरी झाली की शिक्षण हक्काचं छत्रही जातं. हे दोन्ही एकाच सुमारास. वरून मंदी आली की पोरगा मागावर ‘नुसता मदतीला’ जातो, सुताच्या कांड्या भरतो. पोरगी घरात आईसोबत पानं कापते, विडीची तोंडं दुमडते, नाहीतर तिच्यासाठी स्थळं यायला लागतात. चौदाच्या आतल्या मुलांच्या सगळ्याच कामाला बालमजुरी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीने बंदी आली. घरच्या कामात शाळेनंतर हात लावायला मोकळीक आहे, पण ते काम धोक्याचं नसेल तरच. तंबाखूची भुकटी दिवसभर नाकात जाणारं काम कशात बसतं, ते तूच ठरव.

2009 साली आमच्याकडून आठवी पास झालेला एक हुशार मुलगा नववीला कुठेच गेला नाही. मी म्हटलं, ऑर्डरी आल्या की बाप पुन्हा पाठवील. त्याच्या घरी गेले नाही. ऑर्डरी आल्या, माग दोन पाळ्यांत चालू झाले, आणि म्हणूनच तो परत आला नाही. आता त्याच्या हाताला पगार होता. मंदीत शाळा सुटते आणि तेजी ती परत लावू देत नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नव्हतं. मधे तो मला कन्ना चौकात भेटला. पाया पडला. मला त्याच्याशी धड बोलता आलं नाही.

म्हणून तुझं सगळं बळ मंदीच्या पहिल्या तीन महिन्यांत लाव. भाषणं देऊ नकोस, कागद कर. प्राधान्य गटाच्या रेशनकार्डावर प्रत्येक नावामागे महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, आणि तान्हं पोरही त्यात पूर्ण माणूस धरतात. तरी निम्म्या घरांत धाकट्याचं नाव चढवलेलंच नसतं, कारण जन्मदाखल्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते. तो दिवस तू त्यांच्यासोबत जा. बाप वारलाय किंवा आई एकटीच आहे अशा घरी बालसंगोपन योजनेचा अर्ज भर. मुलामागे महिना 2250 रुपये मिळतात. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुलं दिसली की अंगणवाडीताईंना बोलावून दंडाचा घेर मोजायची पट्टी लावायला सांग. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आकडा आला तर त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवशी नाही.

कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या फायनान्सवाल्यांची ‘मीटिंग’ कोणत्या वारी असते तेही विचारून घे. त्या दिवशी सकाळी कुणाच्या दारात जाऊ नकोस. बाया आधीच हप्त्यासाठी शेजारपाजारी फिरत असतात, त्यात तू फॉर्म घेऊन उभी.

आणि फोटो काढू नकोस. उंबऱ्यावर बस, खुर्ची मागू नकोस. तेलुगू येत नाही म्हणून बिचकतेस ना? दोन शब्द पुरतात: लेकराला विचार, ‘बुव्वा तिन्नावा?’ जेवलास का? ते खरं सांगेल. आईकडे लगेच बघू नकोस.

पुढच्या रविवारी घरी ये. ते साठ फॉर्म आण, मासिक उत्पन्नाचा रकाना खोडून बाजूला वार लिहायला बसू. येताना डबा आण, कडक भाकरी करून ठेवते.

तुझी,
बाई