हत्यारखोलीची खिडकी : फुललेली छन्नी, ढिली हातोडी आणि बाबांची पेटी

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या हत्यारखोलीत मी ३१ वर्षं काढली. खिडकीला दीड फुटाची फळी. कामगार पितळी बिल्ला फळीवर ठेवायचा, मी तो खिळ्याला अडकवून हत्यार द्यायचो. संध्याकाळी हत्यार परत, बिल्ला परत. मशीन मी आयुष्यात चालवली नाही, पण कोणतं हत्यार कसं गेलं आणि कसं आलं, हे माझ्याइतकं तिथं कोणी पाहिलं नसेल. यावेळी पाच पत्रं घेतली आहेत.

काका, मी बुटीबोरीला कंत्राटी फिटर आहे. आमच्याकडच्या छन्नीचं डोकं ठोकून ठोकून पसरलंय, कडा खाली वळल्यात. सुपरवायझर म्हणतो, धार चांगली आहे ना, मग डोक्याशी तुला काय करायचं? मी उगाच भिऊन राहिलो का?

नाही बापा, उगाच नाही.

छन्नीची धारेकडची बाजू पाणी देऊन, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून, कडक केलेली असते. डोकं मात्र मुद्दाम मऊ ठेवतात. तेही कडक केलं तर हातोडीच्या घावानं तडकेल. मऊ आहे म्हणून ते घाव सोसतं, आणि सोसता सोसता पसरतं. आम्ही म्हणायचो, छन्नी फुलली. आता गंमत बघ, ज्या कडा रोज मार खातात त्या मार खाऊनच ताठर होतात. त्यांच्यात बारीक चिरा पडतात. मग एखादा घाव तिरका बसला की ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा सुटतो, आणि तो कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एकदा शटडाऊनचं, म्हणजे कारखाना बंद ठेवून दुरुस्तीचं, काम चालू होतं. ४७ नंबरचा बिल्ला फळीवर आला. माझ्या हातातली छन्नी फुललेली होती, मला दिसत होतं. ग्राइंडर शेडच्या त्या टोकाला. मागून साहेब ओरडले, "दे ना बे लवकर, काय पाहून राहिला?" मी दिली. अर्ध्या तासात बोंब झाली. तुकडा फिटरला लागलाच नाही. समोर पाइप धरून उभ्या असलेल्या हेल्परच्या मनगटाच्या वर घुसला. बाहेरून खरचटल्यासारखं, रक्ताचा एक थेंब. पट्टी लावून पोरगा कामाला लागला. दोन दिवसांनी हात सुजला, तेव्हा एक्स-रेमध्ये लोखंड दिसलं. छन्नी चौकशीसाठी साहेबांच्या कपाटात गेली, त्यामुळे ४७ चा बिल्ला तीन आठवडे माझ्या खिळ्याला लटकत राहिला. रोज सकाळी खिडकी उघडली की पहिला तोच दिसे.

त्यानंतर फुललेली छन्नी माझ्या हातून गेली नाही. शिव्या खाल्ल्या, खिडकीवर हात आपटून घेतले, पण दिली नाही.

तू काय करायचंस? डोक्याच्या वळलेल्या कडा ग्राइंडरवर पूर्ण उतरवून टाक. चीर आत गेलेली दिसली तर आणखी घास, चीर संपेपर्यंत. शेवटी डोक्याच्या काठाला सगळीकडून थोडा उतार दे, म्हणजे घाव मधोमध बसतो. घासताना छन्नी मधूनमधून पाण्यात बुडव, आणि धारेकडची बाजू घासताना तर जास्तच. धारेवर निळा रंग चढला की दिलेलं पाणी उतरलं समज, ती धार मग टिकत नाही. ग्राइंडरची टेकणी, म्हणजे घासायची वस्तू टेकवायची पट्टी, दगडापासून ३ मिलिमीटरपेक्षा लांब असेल तर आधी ती जवळ घे. त्या फटीत हातातली वस्तू ओढली गेली की बोटही पाठोपाठ जातं.

गॉगल तू घालशीलच. समोरच्यालाही दे, नाहीतर मध्ये जाळी नाहीतर पत्रा उभा कर. माझ्या नोकरीच्या काळात जो कारखाने कायदा लागू होता, १९४८ चा, त्यातलं कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणासाठीच होतं. भिंतीवर ते कलम लावलेलं असायचं आणि गॉगल कुलपात असायचे, ही वेगळी गोष्ट.

आणि एक. धातूचा तुकडा लागला असं वाटलं तर जखम लहान दिसते म्हणून सोडू नकोस, एक्स-रे काढ. डोळ्यात गेला असेल तर चोळायचं नाही, चिमट्यानं काढायचा नाही, दाबायचं नाही. डोळ्यावर भार न पडेल असा कागदी कप झाकून सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे. पुढं कधी एमआरआय काढायची वेळ आली तर 'मी छन्नी-ग्राइंडरचं काम करतो' हे तिथं आधी सांग. डोळ्यात राहिलेला लोखंडाचा कण त्या यंत्रातल्या चुंबकानं हलतो.

आमचं मानेवाड्याला फर्निचरचं लहानसं काम आहे. दर उन्हाळ्यात हातोडीचं डोकं हलायला लागतं. हे रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात, सकाळी घट्ट होतं, आठ दिवसांत पुन्हा तेच. गेल्या मे महिन्यात डोकं सुटून तयार कपाटाच्या आरशावर गेलं. पाण्यात ठेवणं बरोबर आहे का?

ताई, आरशावर गेलं हे नशीब समजा.

आपल्या नागपूरची हवाच अशी आहे. जुलैत लाकूड फुगतं, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं गेला की हवेत ओल म्हणून राहत नाही आणि तोच दांडा आकसतो. दांडा पाण्यात ठेवला की तो फुगतो खरा, पण फुगायला जागा कुठं आहे? भोवती लोखंड. मग लाकडाचे तंतू भोकाच्या आतच चेंगरतात. वाळल्यावर दांडा आधीपेक्षा बारीक होतो. म्हणजे दर बादलीगणिक हातोडी जास्त ढिली होते. शिवाय भोकात आतून गंज धरतो तो वेगळा. तुमच्या मिस्टरांना हे प्रेमानं सांगा. माझ्या वडिलांनीही तेच केलं आणि मीही पंचविशीपर्यंत तेच करत होतो.

खिळा ठोकणं त्याहून वाईट. खिळ्यानं दांडा उभा चिरतो.

पाचरच घालायला हवी. हातोडीचं भोक नीट बघा, ते मध्ये थोडं अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद असतं. दांडा खालून आत जातो, वरून पाचर ठोकली की वरचं टोक पसरतं आणि डोकं त्यात अडकून बसतं. म्हणून आधी जुनी पाचर काढा. दांड्याच्या टोकाला लांबट बाजूनं चीर पाडा, चिरेत सुक्या लाकडाची पाचर ठोका, वरचा भाग कापून सपाट करा आणि मग लोखंडी पाचर तिच्यावर आडवी किंवा तिरपी घाला. डोकं बसवताना हातोडी उलटी, डोकं खाली लोंबतं धरून दांड्याच्या बुडावर लाकडी ठोकणीनं मारा. डोकं आपोआप वर चढत जातं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती जादू वाटली होती. डोकं जड असतं, ते जागेवर राहू पाहतं आणि दांडा त्यातून पुढं सरकतो, एवढंच.

दांडाच बदलायचा असेल तर बाभूळ किंवा धावडा बघा. दांडा हातात घेऊन तंतू कसे धावतात ते पाहा. लांबीला सरळ धावत असतील तर घ्या, मध्येच आडवे निघत असतील तर दुकानदाराला परत. इतवारीत दहा दांडे चाळले तेव्हा दोन मनासारखे मिळाले, असं माझं नेहमीचं गणित. रंगवलेला दांडा मी घेत नाही; रंगाखाली गाठ आहे की चीर, कळत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला दांड्याला जवसाचं तेल द्या. आपल्याकडे जवस घरोघरी चटणीत असतंच. तेल चोळा, पंधरा मिनिटांनी पुसून काढा. पण ज्या फडक्यानं पुसलं त्याचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं. बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता फडकं पेटू शकतं. तुमच्याकडे तर खाली लाकडाचा भुसा. फडकं बाहेर तारेवर मोकळं पसरून वाळू द्या, किंवा पाणी भरलेल्या डब्यात बुडवा.

मी आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाला आहे. पेचकसाला प्लास्टिकची मूठ असली म्हणजे तो शॉकप्रूफ ना?

नाही. साधी प्लास्टिकची मूठ पकडीसाठी असते. विजेच्या कामाच्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं असतं, आणि मुठीपासून टोकाजवळपर्यंत दांडीवरही आवरण असतं. त्या आवरणाला काप गेला की ते हत्यार विजेसाठी संपलं. वरून टेप गुंडाळायची नाही. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून वायर मेली असंही धरू नकोस. आधी चालू बोर्डावर टेस्टर लागतो का बघ, मग कामाच्या जागी लाव, मग पुन्हा चालू बोर्डावर. आणि हे सगळं कामाच्या जागेची एमसीबी, म्हणजे तिथली वीज तोडणारा बोर्डावरचा खटका, पाडल्यावर.

काका, कामठी रोडला माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. पाना सटकून बोटांचे सांधे दर आठवड्याला फुटतात. गंजलेल्या नटाला पाइप लावतो, तेव्हा तर पानाच उघडतो. चांगल्या कंपनीचे पाने घ्यावेत का?

घे, पण आधी आहेत ते पाने नटावर घालून हलवून पाहा. १६-१७ चा पाना आणि १६ चा नट, पण पाना १७ च्या तोंडानं लावलेला आणि फटीत पेचकसाचं टोक कोंबलेलं, हे मी खिडकीतून हजार वेळा ऐकलं आहे. "काका, चालते ना जी!" चालतं, एक दिवस.

पान्याची लांबी नटाच्या मापावरून ठरवलेली असते. पाइप घातला की तू त्याला दुप्पट लांब करतोस, तोंड पसरतं. एकदा पसरलेलं तोंड पुन्हा धरत नाही. मी असा पाना परत आला की ग्राइंडरनं त्याचे दोन तुकडे करून भंगारात टाकायचो, नाहीतर तो कोणीतरी उचलून पुन्हा कपाटात ठेवायचा. गंजलेल्या नटावर गंज सोडवणारं तेल मार आणि गाडी रात्रभर राहू दे. घाईचं गिऱ्हाईक असेल तर त्याला चहा पाज. रिंग पाना लाव, तो नटाला चहूबाजूंनी धरतो. नेहमी स्वतःकडे ओढ. ढकलायलाच लागलं तर मूठ वळू नको, उघड्या तळव्यानं ढकल. सटकला तरी सांधे वाचतात. स्क्रू पान्याचा सरकता जबडा ज्या बाजूला फिरवायचं त्या बाजूला ठेव, म्हणजे जोर पक्क्या जबड्यावर येतो.

मे महिन्यात पाने उन्हात फरशीवर पडलेले असतात, ते उचलताना हात भाजतो आणि दचकून पाना पायावर पडतो. हे पत्रात नव्हतं, पण तुझं गॅरेज मी येता-जाता पाहिलं आहे.

बाबा एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते. ते गेल्यावर त्यांची लोखंडी पेटी तशीच आहे. खंडेनवमीला ते पेटी उघडून पूजा करायचे. यंदा आईला करायची आहे, आणि माझा मुलगा त्यातली हत्यारं वापरायची म्हणतो. काय ठेवावं, काय टाकावं?

पेटी उघडा तेव्हा जाड हातमोजे घाला. तळाशी मोडकी ब्लेडं हमखास असतात. सगळं वर्तमानपत्रावर मांडा आणि फडक्यानं रॉकेल लावून पुसा, म्हणजे गंजाखाली काय आहे ते दिसेल.

कानशी आधी बघा. मुठीविना असतील तर मुलाला देऊ नका. मागचं टोकदार शेपूट तळहातात शिरतं. मूठ मिळते, बसवून घ्या. कानस फार कडक असते, म्हणून ठिसूळ असते. तिनं डबा उचकटायचा नाही, तिच्यावर ठोकायचं तर अजिबात नाही. दात गुळगुळीत झाले असतील तर ती गेली. काही लोक जुन्या कानशीचा सुरा नाहीतर छन्नी करून घेतात. पाणी उतरवून पुन्हा न देता केलेली छन्नी म्हणजे पहिल्या पत्रातली गोष्ट, त्याहून वाईट.

हातोड्या एकमेकींवर आपटून मुलगा आवाज काढेल, पोरं काढतातच. त्याला पहिल्याच दिवशी थांबवा. दोन्ही तोंडं कडक असतात, कपची उडते. करवतीची फ्रेम ठेवा, पातं नवं घाला, दात पुढच्या दिशेला.

बाबांनी हत्यारांवर काही नंबर किंवा अक्षर पंच केलेलं असेल. ते घासून काढू नका.

पूजेचं म्हणाल तर कुंकू कोरडंच लावा, ओलं लावलं की आठवड्यात तिथं गंजाचा ठिपका उठतो. दुसऱ्या दिवशी सगळं पुसून तेलाचा हात फिरवा. पेटीत व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, निघाला तर त्याच्या जबड्यांना कुंकू नको. त्याच्या डबीला लावा, तुमचे बाबाही बहुतेक तसंच करत असतील.