चासी नंबर सापडत नसलेली जुनी गाडी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की डॅशबोर्डवरची चासी नंबराची, म्हणजे कारखान्यात गाडीला दिलेल्या ओळख-नंबराची, पट्टी गायब आहे, विकणारा म्हणतोय "काच बदलताना गेली", आणि अर्धे पैसे देऊन झालेत. उरलेले अर्धे सध्या तुमच्याकडेच राहू द्या.

काच बदलताना ती पट्टी जात नाही. ती काचेला नसतेच, काचेखाली डॅशबोर्डला किंवा त्यामागच्या पत्र्याला सहसा रिवेटने ठोकलेली असते. "डॅशबोर्ड बदलला" असं तो म्हणाला असता तर मी निदान ऐकून घेतलं असतं. बाहेरून काचेतून टॉर्च मारून बघा. रिकामी भोकं आणि आजूबाजूला ओरखडे दिसले तर पट्टी उचकटलेली आहे.

पण पट्टी नाही म्हणजे नंबर नाही, असंही नाही. तोच नंबर गाडीवर आणखी दोन-चार ठिकाणी असतो: दाराच्या चौकटीतलं स्टिकर, बोनेटखालचा मागचा पत्रा, पुढच्या सस्पेन्शनच्या वाटीचा माथा, सीटखालची जमीन, कधी स्टेपनीचा खड्डा. नेमकी जागा मॉडेलगणिक बदलते, मालकाच्या पुस्तिकेत बहुधा चित्र असतं. मी पुस्तिका न बघता माझ्या जुन्या गाडीच्या बोनेटमध्ये अख्खा रविवार डोकं घालून बसलो होतो. नंबर निघाला पुढच्या सीटजवळ. तिथे कार्पेटला तीन बाजूंनी काप दिलेला होता, पाकिटाच्या झाकणासारखा. मी तो फाटलाय समजून वर्षभर त्यावर पाय ठेवत होतो!

सापडला पण वाचता येत नाही, तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, टॉर्च आडवा धरा म्हणजे अक्षरांच्या कडांची सावली पडते. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल तिरकी घासा, आकडे पांढरे उठतात. सँडपेपर, ग्राइंडर, वायरचा ब्रश यांतलं काहीही लावू नका. पंच मारताना, म्हणजे नंबर पत्र्यात ठोकताना, खालचं पोलादही दबलेलं असतं, त्यामुळे वरून घासून काढलेला नंबरसुद्धा न्यायवैद्यक प्रयोगशाळेला आम्ल लावून बऱ्याचदा परत दिसतो. तुम्ही ग्राइंडर फिरवलात तर तो पुरावाही जाईल, आणि खोडसाळपणा तुमच्याच नावावर लागेल.

मिळालेला नंबर मोजा. 1981 पासून अमेरिकेत 17 अक्षर-आकड्यांची पद्धत सक्तीची झाली, पुढे इतरत्रही रूढ झाली, आणि तिच्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात, कारण 1 आणि 0 शी घोळ होतो. पहिली तीन अक्षरं बनवणारी कंपनी सांगतात. त्यामुळे नंबरात स्पष्ट 'ओ' दिसला, किंवा सुरुवात दुसऱ्याच कंपनीची निघाली, तर थांबा. ही पद्धत येण्याआधीच्या गाडीचा नंबर आखूड असला तर घाबरू नका, तेव्हा प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. इंजिन नंबर ही निराळी गोष्ट आहे. तो जुळला म्हणून हुरळून जाऊ नका, इंजिन बदलता येतं.

गाडी फार जुनी नसेल तर मेकॅनिककडून ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र, लावून घ्या. बऱ्याच गाड्यांच्या इंजिन कंट्रोलरमध्ये, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, हाच नंबर साठवलेला असतो. अर्थात कंट्रोलरही बदललेला असू शकतो. म्हणून कागद, पत्रा आणि स्कॅनर तिन्ही जुळवून बघा.

एका जागी गंजलाय पण बाकी ठिकाणी शाबूत आणि कागदांशी जुळतोय, तर मला चिंता वाटणार नाही. नोंदणी कार्यालयात अर्ज करून तपासणी होते, आणि त्यांच्या परवानगीनेच नवी पट्टी किंवा नवा नंबर मिळतो. कुणी गॅरेजवाला "मीच पंच करून देतो" म्हणाला तर तिथून निघा. बहुतेक देशांत तो गुन्हा आहे, नंबर खरा असला तरी. सगळीकडचाच नंबर गेलेला असेल, किंवा त्याभोवती वेल्डिंगची रेघ दिसत असेल, तर मात्र मी ती गाडी चोरीची किंवा दोन गाड्या जोडून केलेली धरेन आणि पोलिसांकडून तपासल्याशिवाय हात लावणार नाही.

विकणाऱ्याला सांगा, तपासणीला गाडी घेऊन तुम्हीही चला. टाळाटाळ केली तर दिलेले पैसे परत मागा. आणि पावती घेतली नसेल तर आजच मेसेजवर रक्कम, तारीख आणि "काच बदलताना पट्टी गेली" हे त्याचं वाक्य त्याच्याकडून लिहून घ्या, तो सावध व्हायच्या आत.