सगळं पक्कं व्हायची वाट बघू नकोस, लिहायला लाग

"आधी सगळा सिलॅबस पक्का होऊ दे, मग उत्तरं लिहीन" असं म्हणतोयस, म्हणून थेट सांगतो: तो दिवस उजाडत नाही. यूपीएससी मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी 3 तासांत 20 प्रश्न असतात. म्हणजे एका उत्तराला सरासरी 9 मिनिटं. नवीन मुलं हमखास पहिल्या दोन-तीन उत्तरांची प्रस्तावना घोटत बसतात, खाडाखोड करतात आणि शेवटचे प्रश्न कोरे सोडून येतात. बेताच्या उत्तराला काहीतरी गुण पडतात, कोऱ्या पानाला शून्य.

सध्या एवढंच कर:

- आजच एक प्रश्न घे, घड्याळ लाव. 9 मिनिटं झाली की पेन खाली, वाक्य अर्धं राहिलं तरी.
- नोट्स एकदाच काढ. चार रंगांच्या पेनांनी त्याच पुन्हा उतरवणं म्हणजे अभ्यास नव्हे. नवा मुद्दा समासात लिही.
- लिहिलेलं कुणाला तरी दाखव. हे सगळ्यात जड जातं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. "अजून नीट झालं नाही" म्हणून वही दडवलीस, तर चूक कुठे होते ते कळणारच नाही.

एखादा दिवस बुडाला तर वेळापत्रक नव्याने आखू नकोस, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चाल. आणि घरी फोन करायला टार्गेट पूर्ण व्हायची गरज नाही रे, आजच कर.

निबंध, नकाशे, आकृत्या नंतर बघू. आधी ते पहिलं उत्तर पाठव, जसं असेल तसं.