नोंद वाडीची हवी, प्रभागाची नव्हे

अनेक उत्तम आशीर्वाद.

नगरसेवक म्हणून नगरपरिषदेच्या पहिल्याच सभेत समान सुविधांचा ठराव मांडायचं तू ठरवलं आहेस. तो एकमताने मंजूर होईल आणि इतिवृत्तात पडून राहील. आधी कुणाला कोणती सुविधा किती मिळते याची नोंद कर, आणि ती वाडीवार कर. कोकणातल्या शहरात एकाच प्रभागात बाजारपेठ, मोहल्ला, मच्छीमारांचा खारवीवाडा आणि चढावरची बौद्धवाडी असते. प्रभागाची सरासरी काढली की खालच्या पेठेचं पाणी वरच्या वाडीच्या नावावर जमा होतं.

चार रकाने पुरेत: मे महिन्यात पाणी किती दिवसांआड आणि किती मिनिटं येतं, घंटागाडी दारापासून किती मीटरवर थांबते, पथदिव्यांपैकी किती चालू आहेत, तीन वर्षांत किती रुपयांचं काम झालं. शेवटचा रकाना अदा झालेल्या देयकांवरूनच भर. मंजूर कामं जागेच्या वादात वर्षानुवर्षं अडकतात, कागदावर मात्र वाडीला निधी मिळालेला दिसतो.

नगरपरिषदेच्या स्वउत्पन्नाच्या 5 टक्के दिव्यांगांसाठी आणि 5 टक्के महिला-बालकल्याणासाठी राखायचे असतात. तरतूद होते, खर्च रखडतो, मग मार्चमध्ये घाईने वस्तू वाटल्या जातात. लाभार्थ्यांची यादी दिवाळीआधी पक्की करून घे आणि डिसेंबरच्या विषयपत्रिकेवर खर्चाचा आढावा ठेव.

रॅम्पचा उतार 1:12 हवा. म्हणजे 60 सेंटिमीटर चढायला 7.2 मीटर लांबी. जागा नाही म्हणून निम्म्या लांबीत उरकलेल्या रॅम्पवर चाकाची खुर्ची एकट्याने चढत नाही, आणि गुळगुळीत फरशीवर जुलैत शेवाळ धरतं. खडबडीत फरशी आणि कठडा कामाच्या अंदाजपत्रकातच लिहून घे, देयक निघण्याआधी फीत घेऊन स्वतः मोज. पाखाडीवर, म्हणजे चढावरच्या पायऱ्यांच्या वाटेवर, रॅम्प बसतच नाही. तिथे एकसारख्या उंचीच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा आणि दिवा, एवढ्यानेही म्हातारी माणसं घराबाहेर पडू लागतात.

संविधानाने प्रभाग समित्या 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांनाच बंधनकारक केल्या आहेत. आपली गावं त्यात येत नाहीत, म्हणून वाडीत बैठक तूच लावायची. वेळ मासळी विकणाऱ्या बायकांना विचारून ठरव. सकाळी अकराला त्या बाजारात असतात.

2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडलेले हवेत, त्यात एक तृतीयांश स्त्रिया. पण आधी विक्रेत्यांच्या सर्वेक्षणात नाव यायला हवं. फक्त दुपारी फिरून केलेल्या सर्वेक्षणात सकाळच्या मासळीवाल्या सुटतात, आणि कधी टोपली तिची असून नाव नवऱ्याचं लागतं. यादी पक्की होण्याआधी ती मासळी बाजारात मोठ्याने वाचून दाखव आणि सुटलेली नावं तिथेच लिहून घे.