उघड्या चेंबरमध्ये पडून आईचा पाय मोडला. महापालिकेवर भरपाईचा दावा किती दिवसांत करावा लागतो?

तुम्ही लिहिलंय की आईला पडून साडेचार महिने झाले, वॉर्ड ऑफिसात अर्ज दिलाय आणि दर खेपेला 'वर पाठवलाय' एवढंच ऐकायला मिळतं. त्या उत्तराची वाट बघणं आधी सोडा. अर्ज विचाराधीन आहे म्हणून मुदत थांबत नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४८७ बघा (मुंबईत असाल तर १८८८ च्या कायद्याचं ५२७). लेखी नोटीस देऊन महिना उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही, आणि दाव्याचं कारण घडल्यापासून, म्हणजे आई पडली त्या दिवसापासून, सहा महिन्यांत तो लावावाच लागतो. नोटिशीचा काळ मोजणीतून वगळून मागता येतो, पण तो वकिलाला युक्तिवादासाठी राहू द्या. तुम्ही त्याच्या भरवशावर बसू नका. उशीर माफ करून घ्यायचं मुदत कायद्यातलं कलम ५ दाव्यांना लागूच होत नाही.

मी वकील नाही, पण वडिलांच्या वेळी हात पोळून घेतलेत. फुटपाथच्या उखडलेल्या फरशीला अडखळून त्यांचं मनगट मोडलं. मी अ‍ॅपवर तक्रार केली, फोटो टाकले, तीन स्मरणपत्रं दिली. फाइल जाड होत गेली तसतसा मला धीर येत गेला. वकिलांनी ती चाळून विचारलं, "यात नोटीस कुठाय?" मी सगळीकडे 'फरशी दुरुस्त करावी' असंच लिहिलं होतं. भरपाई मागतोय, न दिल्यास दावा लावू, हे कुठेच नव्हतं. तोवर सात महिने झाले होते. फरशी मात्र छान बसवली त्यांनी.

नोटिशीत कधी, कुठे, कसं पडल्या ते, आईंचं नाव-पत्ता आणि वकिलांचं नाव हवं. ती वॉर्ड ऑफिसात नाही, मुख्य कार्यालयात द्यायची. आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. पुसट उमटला तर पुन्हा मारायला लावा, समोरचा वैतागला तरी चालेल.

आणखी एक, तो रस्ता नक्की कुणाचा? सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघाला तर गाठ राज्य सरकारशी. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते. खात्री नसेल तर दोघांनाही पाठवा. (रेल्वे अपघाताचं गणित निराळं: न्यायाधिकरणाकडे एक वर्ष, आणि तिथे सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो.)

आज रात्रीच डिस्चार्ज कार्ड काढून वाचा. घाईत कुणीतरी 'घरी पाय घसरून पडल्या' असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर वकिलांना पहिल्या भेटीतच सांगा.